डावा डोळा, उजवा खांदा आणि घड्याळ : एअर रायफल शिकणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या जिल्हा स्पर्धेत रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हटलं तेव्हा माझे साठपैकी ५१ शॉट झाले होते. उरलेल्या नऊ शॉट्सचं शून्य धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या लेनवरची आठवीतली पोरगी वीस मिनिटं आधीच किट आवरून बाहेर बाकावर केळं खात बसली होती.

त्यानंतर वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होते, की वेळ पुरत नाही. वेळ चांगला पुरत होता. माझा डावा डोळा आडवा येत होता, आणि ते ना माझ्या लक्षात आलं होतं, ना कुणी तपासलं होतं. म्हणून हा लेख जरा उलट्या क्रमाने लिहिते आहे. बहुतेक ठिकाणी आधी पोझिशन, मग ट्रिगर, मग टायमिंग आणि जमलंच तर शेवटी डोळा, असं शिकवतात. माझं म्हणणं, डोळ्याचा निकाल पहिल्या आठवड्यात लावा. तोवर स्टॉपवॉचला हात लावू नका.

खाली जे लिहिलंय ते १० मीटर एअर रायफलबद्दल आहे. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. काहींची एनसीसीच्या पॉइंट टूटू (.२२) रायफलने होते. अंजली भागवतही एनसीसीतूनच या खेळात आल्या. डोळ्याचा भाग दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

मास्टर आय कुठला?

आपण जसे उजवे किंवा डावखुरे असतो, तसाच मेंदूचाही एक लाडका डोळा असतो. नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकतो. रेंजवर त्याला मास्टर आय म्हणतात. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा तो उजवा असतो. हात उजवा आणि मास्टर आय डावा, किंवा याच्या उलट, असं असेल तर तो क्रॉस डॉमिनन्स. हा आजार नाही आणि तिरळेपणाशी त्याचा काही संबंध नाही. चष्म्याच्या नंबराशीही थेट नाही. माझा उजवा डोळा डाव्यापेक्षा स्पष्ट बघतो, तरी मालक डावाच.

तपासायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही हात समोर ताठ करा, पंजे एकमेकांवर आडवे ठेवा आणि अंगठ्यांच्या बेचक्यात रुपयाएवढं भोक राहू द्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून लांबची एखादी वस्तू बघा, दाराची कडी किंवा भिंतीवरचं स्विच. आता हात तसेच ठेवून एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कडी दिसत राहते तो मास्टर आय. दुसऱ्याने बघाल तर नुसता तळहात दिसेल.

यात एक मेख आहे. आपला डोळा उजवाच असावा असं वाटत असेल तर हात नकळत तिकडे सरकतात. म्हणून ही चाचणी दुसऱ्याकडून करून घ्या. समोरच्याला तीन मीटरवर उभं करायचं आणि भोकातून त्याच्या नाकाकडे बघायचं. त्याला त्या भोकात तुमचा जो डोळा दिसेल तो खरा. आमच्या रेंजवर मी नव्या पोरांची चाचणी अशीच घेते. एकदा एक कॉलेजकुमार ठासून म्हणाला, “ताई, माझा उजवाच आहे, मी घरी तीनदा बघितलंय.” मी समोर उभी राहिले. भोकातून डावा डोळा माझ्याकडे बघत होता.

पाच वेळा करा, थोड्या वेगवेगळ्या अंतरांवर. पाचही वेळा एकच डोळा आला तर प्रश्न मिटला. तीन-दोन असं झालं तर तुमचं वर्चस्व कच्चं आहे, म्हणजे थकल्यावर किंवा उजेड बदलल्यावर डोळा पलटू शकतो. अशांनी पुढचा भाग क्रॉस डॉमिनन्स आहे असं समजूनच वाचावा. आणि एकदा नेत्रतपासणी करून घ्या. नंबर, विशेषतः तिरका नंबर, निघाला तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

नेमकं बिघडतं काय

ओपन साइटवर, म्हणजे नेम धरायला उघडी खाच असलेल्या रायफलवर, घोटाळा ढळढळीत असतो. शाळा-जिल्हा पातळीवर ओपन साइटचे गट असतात, म्हणून सांगते. रायफल उजव्या खांद्यावर, दोन्ही डोळे उघडे, मालक डावा. मेंदू पुढची साइट आणि टार्गेट डाव्या डोळ्यातून जुळवतो, मागची खाच मात्र उजव्या डोळ्यासमोर असते. दोन डोळ्यांत अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर, पुढची साइट डोळ्यापासून साधारण दोन हातांवर. त्रैराशिक मांडून बघा, १० मीटरवर छर्रा जवळपास दोन फूट डावीकडे जातो. टार्गेटचं कार्डच चुकतं. “साइट बिघडली आहे” म्हणून साइटचे क्लिक (नेम सरकवायचे खटके) फिरवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन फुटांना कुठली साइट पुरणार?

पीप साइटवर घोटाळा लपतो, आणि म्हणून जास्त छळतो. इथे मागे बारीक भोक असतं, पुढे नळीत रिंग, आणि रिंगच्या आत टार्गेटचं काळं वर्तुळ चारी बाजूंनी सारखा पांढरा गराडा ठेवून बसवायचं असतं. भोकातून एकच डोळा बघू शकतो. म्हणून बरेच जण समजतात की पीपवर मास्टर आयचा प्रश्नच येत नाही. माझंही तेच झालं. पहिले तीन-चार सेकंद चित्र स्वच्छ. मग काळं फिकट होतं, रिंगची कड विरघळते, आणि त्यावर डाव्या डोळ्याला दिसणारी भिंत, शेजारची लेन, बॅरलची बाजू असं काहीतरी धुरासारखं पसरतं. पापणी लववली की पुन्हा स्वच्छ. पुन्हा चार सेकंद. शंका आली की रायफल खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. असे माझे एकेका शॉटला दीड-दीड मिनिट जात होते.

दुसरं लक्षण म्हणजे मान. डावा डोळा साइटकडे यायला धडपडतो आणि डोकं नकळत चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) कलंडतं. कुणालातरी समोरून फोटो काढायला सांगा. दोन डोळ्यांना जोडणारी रेघ आडवी नसेल, तर मान मालकाच्या ओढीने वाकली आहे.

खांदा बदलायचा की डोळा झाकायचा

यावर प्रत्येक रेंजवर दोन तट असतात. माझं मत सांगते.

मूल लहान असेल, किंवा सुरुवात करून महिना-दोन महिनेच झाले असतील, तर खांदा बदलून बघायला हरकत नाही. दोन आठवडे द्या. रायफल मास्टर आयच्या बाजूला गेली की डोळ्याचं भांडणच संपतं. १० मीटरला एक-एक छर्राच भरायचा असतो, त्यामुळे भरण्याचा हात बदलल्याने फार अडत नाही. अडतं ते सामानावर. क्लबच्या बहुतेक रायफलींची ग्रिप उजव्या हाताची कोरलेली असते. जॅकेटचे बंद, पट्टे, सगळं उजव्यांसाठी. डावी रायफल क्लबमध्ये नसेल तर पोराला उजव्या ग्रिपवर डावा हात पिळून शिकवू नका. मनगट एकदा वाकडं बसलं की ट्रिगरही वाकडाच ओढला जातो.

वय तिशीच्या पुढे असेल, किंवा उजव्या खांद्यावर वर्ष गेलं असेल, तर खांदा बदलू नका. ब्लाइंडर, म्हणजे दुसऱ्या डोळ्यासमोर धरणारी पट्टी, लावा. मोठ्या माणसाचा मास्टर आय बदलण्याचे व्यायाम म्हणून जे काही सांगितलं जातं त्यात मी चार महिने घालवले. डोकेदुखीखेरीज हाती काही लागलं नाही.

तिसरी एक वाट नियमांत आहे. उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने नेम धरायचा असेल, किंवा उलट, तर आंतरराष्ट्रीय नियम प्रिझम किंवा आरशाचं साधन वापरू देतात, फक्त त्यात मोठं दाखवणारी काच नको. ज्याच्या नेमाच्या डोळ्याची दृष्टीच अधू आहे, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची. बाकीच्यांनी त्या खर्चात पडू नये.

आणि चौथी, सगळे जिच्याकडे आधी वळतात ती : दुसरा डोळा मिटून घेणं. हे नको. डोळा मिटून धरला की गालाचे, कपाळाचे स्नायू ताणलेले राहतात आणि विसाव्या शॉटनंतर नेमाची पापणीही थरथरू लागते. शिवाय एका डोळ्यात जाणारा उजेड बंद झाला की दुसऱ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. म्हणजे ज्याला बारीक बघायचंय त्याचीच पंचाईत. काळी पट्टी बांधली तरी तेच. म्हणून झाकण असं हवं की उजेड येईल, चित्र येणार नाही.

ब्लाइंडर घरी कसा करायचा

विकतचा मिळतो. पण मी सांगते श्रीखंडाचा डबा घ्या. त्याचं पांढुरकं, अर्धपारदर्शक झाकण या कामासाठीच केल्यासारखं असतं. त्यातून उजेड येतो, आकार दिसत नाही.

नियम असा, की साइटवर लावलेला ब्लाइंडर उंचीला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या साइटच्या भोकाच्या मध्यापासून नेम न धरणाऱ्या डोळ्याच्या बाजूला १०० मिलिमीटरच्या पुढे जायला नको. नेमाच्या डोळ्याच्या बाजूला काही लावायचं नाही. मी २८ मिलिमीटर उंचीची पट्टी कापते. दोन मिलिमीटरसाठी तपासणीच्या टेबलावर वाद घालण्यात अर्थ नाही. पट्टीच्या एका टोकाला भोक पाडून ती साइटच्या आयपीसमागे अडकवायची. भोक थोडं लहानच पाडा, म्हणजे घट्ट बसेल. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर पट्टी नाकावर घासते. चष्मा वापरत असाल तर त्या बाजूच्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावूनही चालतं, तिची रुंदीही ३० मिलिमीटरच्या आत.

लावल्यावर रायफल खांद्याला घ्या, दोन्ही डोळे मोकळे उघडे ठेवा. डाव्या डोळ्यासमोर फक्त पांढरा ढग दिसला पाहिजे. ढगाच्या कडेने टार्गेटचा दिवा दिसत असेल तर पट्टी थोडी वाकवून जवळ आणा. मग चीकपीस असा वर-बाजूला करा, की मान सरळ ठेवून गाल टेकवला की डोळा आपोआप भोकासमोर येईल. साइटने डोळ्याकडे यायचं असतं. क्लबची रायफल चार जण वापरतात, म्हणून चीकपीस आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) कुठल्या खुणेवर होती ते वहीत लिहून ठेवा.

पुढची रिंग नवख्यांनी मोठी घ्यावी. बारीक रिंगने नेम बारीक होतो असं वाटतं, पण क्रॉस डॉमिनन्सवाल्याला त्याने उलट त्रास होतो. काळ्याभोवती पांढरा गराडा जेवढा उजळ आणि ऐसपैस, तेवढा नेमाचा डोळा तग धरतो.

आता एक मोजणी. ब्लाइंडर काढून कोऱ्या कार्डावर नेम धरा, जोडीदाराने सेकंद मोजावेत, चित्र विरघळलं की “गेलं” म्हणा. पाच वेळा. मग ब्लाइंडर लावून पाच वेळा. माझा आकडा चार-पाच सेकंदांवरून बारा-तेरावर गेला. आकडा वाढला तर तुमच्या वेळेचा चोर सापडला. वाढला नाही तर चोर दुसरा आहे, बहुधा पोझिशन.

घड्याळाकडे वळण्याआधी

घाई शिकताना पहिली चूक सेफ्टीत होते, म्हणून थोडक्यात. बॅरल कायम टार्गेटकडे. लेनवर नसताना बॅरलमध्ये रंगीत सेफ्टी दोरी घातलेली हवी. ‘स्टॉप’ म्हणजे स्टॉप, “हा एक मारतो” नाही. घरी सराव करताना खोलीत छर्ऱ्यांची डबी नकोच. ड्राय फायर, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबणं, फक्त त्या रायफलीवर करा जिच्यात त्याची सोय आहे. स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय उडवली तर पिस्टनचं सील मार खातं. हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा. छर्रे शिशाचे असतात, सराव झाल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच भेळेला हात घाला.

७५ मिनिटांचा हिशोब

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पात्रता फेरीत ६० शॉट, ७५ मिनिटं. त्याआधी तयारीची आणि सायटरची (चाचणीच्या शॉटची) १५ मिनिटं, ज्यात हवे तेवढे शॉट मारता येतात आणि ते गुणांत धरत नाहीत. कागदी कार्डावर कार्ड बदलण्याचा वेळ धरून ९० मिनिटं देतात. इलेक्ट्रॉनिकवर म्हणजे शॉटमागे सरासरी सव्वा मिनिट. टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, दशांशात एका शॉटचे जास्तीत जास्त १०.९.

सव्वा मिनिट म्हणजे पुष्कळ. एक शॉट असा जातो.

छर्रा भरून लिव्हर बंद केला, दहा सेकंद. बट खांद्यात, गाल चीकपीसवर, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, आणखी दहा. इथे डोळे मिटून एक श्वास घ्या आणि उघडा. काळं रिंगच्या आसपास असेल तर पुढे जा. बाजूला असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय दोन बोटं सरकवा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर दाबला की आपल्या जागी परत जाते. मग दोन श्वास, दुसरा अर्धा सोडून थांबा, रायफल वरून खाली काळ्यात उतरते, ट्रिगरचा पहिला टप्पा दाबला जातो. इथून पुढे पाच ते आठ सेकंद तुमचे. शॉट गेला तरी दोन सेकंद तसंच बघत राहा आणि स्वतःशी बोला : “दहा, थोडा उजवीकडे.” मग स्क्रीन बघा. हा सगळा प्रकार ३५-४० सेकंदांत होतो.

आणि आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर? रायफल खाली. हे नवख्यांना सगळ्यात जड जातं. इतका वेळ धरली, आता मारतेच, असं वाटतं. नवव्या सेकंदानंतर डोळा ताजं चित्र बघत नाही, जुन्याच चित्राला धरून बसतो, आणि मघाशी जो डावा डोळा गप्प होता तो पुन्हा डोकावायला लागतो. तो शॉट आठ येतो. मग त्या आठच्या रागात पुढचा.

कवायती

पहिले पंधरा दिवस छर्ऱ्याशिवाय, रोज वीस मिनिटं. भिंतीवर कोरा कागद लावा, टार्गेट नको. टार्गेट नसलं की डोळा रिंगकडे बघायला शिकतो. मोबाइलवर दर ५० सेकंदांनी वाजणारी बेल लावा. प्रत्येक बेलला एक पूर्ण शॉट. बेल झाली तेव्हा रायफल खांद्यावर असेल तर तो शॉट बाद. सुरुवातीला दहापैकी चार बाद होतील. होऊ देत.

यातच तिसरा, सहावा आणि नववा शॉट मुद्दाम खाली घ्यायचा. चित्र कितीही सुंदर असो, ट्रिगरचा पहिला टप्पा दाबलेला असो, खाली. पुन्हा वर उचलून त्याच पन्नास सेकंदांत सोडायचा. ही माझी आवडती कवायत आहे आणि मुलांची नावडती. परवा एक मुलगी वैतागून म्हणाली, “ताई, दहा होता हो तो!” मी म्हटलं, “असू दे. उचलायला किती सेकंद लागले?” तिने मोजलं, चौदा. चौदा सेकंदांत रायफल परत वर येते हे एकदा अंगात मुरलं की सामन्यात खाली घ्यायची भीती वाटत नाही.

मग छर्ऱ्यांवर या. दहा शॉट दहा मिनिटांत, पण घड्याळ पाठीमागे ठेवा. झाल्यावर बघा किती लागले. सात मिनिटांत संपले असतील तर तुम्ही पळताय, अकरा लागले असतील तर पोझिशन दर वेळी नव्याने शोधताय. नऊच्या आसपास स्थिरावलात की ६० शॉट साधारण ५५ मिनिटांत होतात आणि वीस मिनिटं शिल्लक राहतात. त्या वीस मिनिटांत दोनदा बसून पाणी पिता येतं, एखादी बिघडलेली सिरीज (सलग शॉटचा गट) थांबवता येते. ती केळं खाणारी पोरगी हेच करत होती. मी तेव्हा तिला घाईची समजत होते.

डोळ्याची विश्रांतीही या हिशोबातच बसवा. दर पाच शॉटनंतर रायफल स्टँडवर, नजर रेंजच्या लांबच्या भिंतीवर किंवा जमिनीवर, पंधरा सेकंद. शेजाऱ्याच्या स्क्रीनवर नको. तिथे नजर गेली की डोळ्याला विश्रांती नाही आणि डोक्याला तर नाहीच.

दोन महिन्यांनी फायनलची कवायत. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये १० मीटरची फायनल अशी होती : पाच शॉटच्या दोन सिरीज, प्रत्येकी २५० सेकंद, मग एकेक शॉट ५० सेकंदांत, एकूण २४, आणि बाराव्या शॉटपासून दर दोन शॉटनंतर एक जण बाहेर. २५० सेकंदांत पाच म्हणजे पुन्हा पन्नासच. तुमच्या मोबाइलची बेल पन्नासची का लावली ते आता कळलं असेल. फरक इतकाच, की सिरीजमध्ये एका शॉटला सत्तर सेकंद घेतले तर ते पुढच्यातून कापता येतात, एकेरी शॉटमध्ये उधारी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या पोझिशननंतर तो पहिल्या तिनात नव्हता. उभ्या पोझिशनच्या पाच-पाच शॉटच्या सिरीजमधून तो वर सरकला. ४५१.४. त्या दिवशी आमच्या रेंजवर सरावाला कुणी आलं नाही, सगळे टीव्हीसमोर.

ही कवायत एकट्याने करू नका. कुणीतरी कमांड द्या, “लोड... स्टार्ट... स्टॉप”, तेही मोठ्या आवाजात. बाकीच्यांनी मागे गप्पा माराव्यात, खुर्ची सरकवावी, टाळ्या वाजवाव्यात. शांततेत पन्नास सेकंद पुरतात. टाळ्यांत पुरतात का, ते बघायचंय.

अजून एक, जी मी त्या ५१ शॉटच्या दिवसानंतर स्वतःसाठी बनवली. शेवटची पाच मिनिटं आणि सहा शॉट बाकी आहेत असं धरायचं. आधी दहा उठाबशा, म्हणजे छाती धडधडेल, मग सुरू. इथे लोक पहिले तीन भराभर मारतात आणि उरलेल्या तिनांना निम्म्याहून जास्त वेळ ठेवतात. उलट करा. पहिला शॉट पूर्ण पन्नास सेकंद घेऊन मारा. तो बसला की श्वास बसतो.

वही

प्रत्येक सरावाला एक पान. शॉटमागे तीन गोष्टी : स्वतःशी काय बोललात, स्क्रीनवर काय आलं, कितव्या उचलीला सुटला. ब्लाइंडरची जागा आणि उजेड पानाच्या वर लिहा. उजेड महत्त्वाचा. ट्यूबलाइट बदललेल्या रेंजवर डोळा वेगळा वागतो. महिन्याभराने पानं चाळलीत तर एक गोष्ट नक्की दिसेल : तुमचे बहुतेक आठ आणि नऊ ‘पहिल्याच उचलीला, पण उशिरा’ या रकान्यात आहेत. दुसऱ्या उचलीचे शॉट बरे असतात.

आणि चाळिसाव्या शॉटनंतर शॉट एका बाजूला सरकायला लागले, तर क्लिक फिरवण्याआधी ब्लाइंडरला हात लावून बघा. घामाने किंवा गालाच्या धक्क्याने तो सरकलेला असतो.

स्पर्धेला जाताना ब्लाइंडर रायफलीला लावूनच सामान तपासणीला न्या, खिशात ठेवू नका. माझ्या दुसऱ्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच्या काकांनी तो काढून उलटसुलट करून बघितला. आतल्या बाजूला ‘केशर वेलची’ अशी पुसट अक्षरं अजून होती. “हे काय आहे, मॅडम?” म्हणाले. मी म्हटलं, “झाकण.” त्यांनी पट्टी लावून मोजलं, २८, स्टिकर चिकटवला आणि पुढच्याला हाक मारली. त्या दिवशी माझे साठ शॉट ६३ मिनिटांत झाले.